वर्षाला तीन कट्टे

२०११च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ भरली. यातल्या प्रत्येकाच्या पोटात रोज थोडे फोलेट जावे लागते. ब गटातले हे नववे जीवनसत्त्व. गोळीत येते तेव्हा त्याला आपण फॉलिक ॲसिड म्हणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेली रोजची मात्रा पुरुषाला ३०० मायक्रोग्रॅम, बाईला २२० आणि गरोदर बाईला ५७० अशी आहे. मुलांची त्याहून कमी. सगळ्यांची मिळून सरासरी २५० धरली आणि गुणाकार केला, तर उत्तर येते ३३० ग्रॅम. देवरीच्या जंगलापासून तिरोड्याच्या वैनगंगाकाठापर्यंत, अख्ख्या जिल्ह्याची एका दिवसाची गरज पाव किलोच्या थोडी वर. वर्षाचा हिशेब १२० किलो. धान खरेदी केंद्रावर बारदान्याचा एक कट्टा ४० किलोचा भरतात. म्हणजे वर्षाला तीन कट्टे.

ज्या जिल्ह्यात दर हंगामात लाखो क्विंटल धान मोजले जाते, गिरण्यांतून भरडले जाते आणि मालगाड्यांत चढते, तिथे तीन कट्टे म्हणजे सांडलवंड. तरीही या तीन कट्ट्यांतला आपला वाटा ज्याला मिळत नाही त्याचे रक्त पातळ पडते, आणि जिला तो वेळेवर मिळत नाही तिच्या बाळाचा कणा उघडा राहू शकतो. लागते इतके थोडे की माल कमी पडला असे कोणी म्हणूच शकत नाही. कमी पडते ती वेळ आणि पोचवण्याची वाट. हे मला आकड्यांत जितके स्वच्छ दिसते तितके कुठल्याही भाषणात दिसले नाही.

आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवतात, तिच्यापासून सुरुवात करू. बायका तिला रक्तवाढीची गोळी म्हणतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड. लोहाच्या १२० पट कमी. डोळ्यांना हा अर्धा मिलिग्रॅम धुळीच्या कणाएवढा. पण रेणूंत मोजला तर त्यात सहा हजार आठशे कोटी कोटी रेणू निघतात: ६,८०० कोटी घ्या आणि त्या संख्येला पुन्हा एक कोटीने गुणा. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्या सगळ्यांना सारखे वाटले तरी एका गोळीतून प्रत्येक पेशीच्या वाट्याला बावीस हजारांवर रेणू येतात.

एवढे रेणू करतात काय? एकच काम: एक कार्बन उचलायचा आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचा. राइस मिलमधला हमाल जसा पोते पाठीवर घेऊन थप्पीपाशी जातो, ते टाकतो आणि रिकाम्या पाठीने पुन्हा पोत्याकडे वळतो, तसे फोलेट. स्वतः ते कशातच खर्ची पडत नाही. सेरीन नावाच्या अमिनो आम्लाकडून ते एक कार्बन घेते आणि जिथे डीएनएची अक्षरे घडतात तिथे नेऊन देते.

डीएनएची अक्षरे चार: ए, टी, जी, सी. यातल्या टी या अक्षराचा कच्चा माल पेशीकडे तयार असतो; त्याचे नाव युरॅसिल. त्याला एक मिथाईल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटवला की थायमिन होते. तो मिथाईल गट फोलेटकडूनच येतो. ए आणि जी या दोन अक्षरांच्या सांगाड्यातही दोन-दोन कार्बन फोलेटने आणलेले असतात. आता हिशेब करा. माणसाच्या एका पेशीत आईकडून आलेला आणि बापाकडून आलेला मिळून ६२० कोटी जोड्यांचा डीएनए असतो. पेशी दुभंगायच्या आधी त्याची पूर्ण नक्कल व्हावी लागते. एका नकलेसाठी नवे टी लागतात ३६६ कोटी. ए आणि जीमधले कार्बन धरले तर एका पेशीच्या एका विभाजनामागे फोलेटच्या पाठीवरून जाणारे कार्बन भरतात सोळाशे कोटी. पेशी जुनी अक्षरे मोडून पुन्हा वापरते, त्यामुळे प्रत्यक्षात ओझे काहीसे हलके होते. पण मोठा भाग नवाच घडवावा लागतो.

आणि शरीरात सर्वांत घाईने दुभंगणाऱ्या पेशी हाडांच्या पोकळीत, मज्जेत आहेत. रक्तात सुमारे २५ लाख कोटी लाल पेशी फिरत असतात. प्रत्येकीचे आयुष्य १२० दिवसांचे. म्हणजे रोज वीस हजार कोटींवर पेशी मरतात आणि तितक्याच नव्या घडवाव्या लागतात. सेकंदाला चोवीस लाख. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या मज्जेने गोंदिया जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या कित्येक पट पेशी रक्तात सोडलेल्या असतात.

एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर दोन मीटर भरतो. वीस हजार कोटी पेशींमागे साधारण तितकीच विभाजने होतात, म्हणजे मज्जा केवळ लाल पेशींसाठी रोज चाळीस कोटी किलोमीटर डीएनए विणते. इथून सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. जाऊन, येऊन, पुन्हा अर्ध्याहून पुढे. या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो, कारण याची पुढची पायरी त्याहून विलक्षण आहे. लाल पेशी तयार झाली की ती आपले केंद्रक बाहेर फेकून देते. प्राणवायू वाहायला जागा हवी म्हणून तो विणलेला दोन मीटर धागा ती मज्जेतच सोडते, तिथल्या भक्षक पेशी तो गिळतात आणि त्याचे तुकडे पुन्हा कामी लागतात. रोज चाळीस कोटी किलोमीटर विणायचे, रोज टाकायचे, आणि उद्या परत.

इथे रोजच्या २५० मायक्रोग्रॅमचा हिशेब जुळत नाही असे वाटेल, आणि वाटायलाच हवे. केवळ लाल पेशींना लागणारे टी रोज खाल्लेल्या फोलेट रेणूंच्या एकवीसशे पट आहेत. एका रेणूने एकच फेरी मारली असती, तर माणसाला रोज अर्ध्या ग्रॅमच्या वर फोलेट खावे लागले असते आणि जिल्ह्याला वर्षाला तीन कट्ट्यांच्या जागी अडीच हजार क्विंटलांवर. शरीराला हे परवडते, कारण त्याच्याकडे १५ ते ३० मिलिग्रॅमचा साठा असतो, त्यातला निम्मा यकृतात, आणि त्यातला रेणू न् रेणू पुन्हा पुन्हा कामाला जुंपला जातो. टी घडवताना फोलेट एका कामचुकार रूपात अडकते, त्याला डायहायड्रोफोलेट म्हणतात. एक विकर त्याला दोन हायड्रोजन देऊन परत कामाजोगे करते. हे विकर बंद पाडले की साठा भरलेला असूनही पेशी दुभंगू शकत नाही. भीमावरमला १८९५ साली जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या हाताखालच्या चमूने अमेरिकेत १९४५ला फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत घडवले आणि मागोमाग हे विकर रोखणारे रसायनही. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना दिले. दहा मुलांमध्ये रोग काही काळ मागे हटला. तो अहवाल जून १९४८चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बराव गेले. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातले औषध आहे आणि आजही वापरात आहे.

फोलेटच मिळाले नाही तर काय होते, ते जगाला पहिल्यांदा नीट दिसले मुंबईत. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८मध्ये मुंबईला आल्या. गिरणी कामगारांच्या घरातल्या गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयाने मरत होत्या: लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी रोगजंतू शोधून पाहिले, सापडले नाहीत. मग त्या या बायकांच्या ताटाकडे वळल्या. खातेपिते घर असले की हा आजार जवळजवळ दिसत नाही, आणि भाजी, फळे, दूध ज्यांच्या ताटात नाही त्यांना तो गाठतो, हे त्यांनी मांडले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाने बाटलीत विकल्या जाणाऱ्या स्वस्त चटणीने, बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले. त्या अर्कात नेमके काय होते ते कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१मध्ये टेक्सासच्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी तो पदार्थ वेगळा काढला आणि त्यासाठी चार टन पालक गाळावा लागला.

पेशी मोठ्या का होतात, याचे उत्तर आता पेशीच्या आत दिसते. पेशीद्रव वाढत राहते, हिमोग्लोबिन साठत राहते, पण टी पुरेसे नसल्याने डीएनएची नक्कल पुरी होत नाही आणि पेशी दुभंगू शकत नाही. अडलेली पेशी टीच्या जागी बिनमिथाईलचे युरॅसिल घालून वेळ मारून नेते. १९९७मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात फोलेटची कमतरता असलेल्या माणसांच्या एका पेशीत असे चाळीस लाख युरॅसिल आढळले. सुमारे नऊशे टींमागे एक खोटा. दुरुस्ती करणारी विकरे तो खोटा काढायला धागा कापतात. दोन काप समोरासमोर आले की धागाच तुटतो. मुंबईतल्या त्या बायकांच्या मज्जेत हेच चालले होते.

गोंदियात ही गोष्ट आणखी एका वळणाने येते, आणि ते वळण सिकलसेलचे आहे.

विदर्भात सिकलसेल आहे हे वैद्यकाच्या नोंदीत आले १९५८ला, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांच्या लॅन्सेटमधल्या टिपणाने. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा हा सगळा पट्टा त्यात येतो. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती लिहिलेली आहे. तिथे एका जागी ए हवा असतो. सिकलसेलमध्ये तिथे टी असतो. आईकडून आलेल्या ३१० कोटी अक्षरांत एक चूक, बापाकडून आलेल्या ३१० कोटींत तीच एक चूक, आणि मूल आजारी. चूक एकीकडूनच आली तर मूल वाहक होते आणि बहुधा ठणठणीत असते. पूर्व विदर्भातल्या काही समाजगटांत वाहकांचे प्रमाण वीस टक्क्यांच्याही वर आढळले आहे. वीस टक्केच धरले, आणि लग्ने रक्त न तपासता जुळली, तर पंचविसात एक जोडपे दोघेही वाहक निघते. त्यांच्या दर मुलामागे एक चतुर्थांश धोका. म्हणजे शंभर जन्मांत एक सिकलसेलचे बाळ. ज्या घरात ते बाळ आहे तिथे हे गणित कोणी मांडत नाही. तिथे रात्री-अपरात्री हातपाय ठणकतात, आणि थंडी पडली किंवा रोवणीच्या दिवसांत पाण्यात उभे राहणे झाले की मूल कळवळते.

त्या एका अक्षराने लाल पेशीचे आयुष्य १२० दिवसांवरून दहा-वीस दिवसांवर येते. पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते, फुटते. आता मज्जेकडे पाहा. समजा सिकलसेलच्या मोठ्या माणसात लाल पेशी निम्म्याच आहेत, साडेबारा लाख कोटी, आणि त्या सरासरी पंधरा दिवस जगतात. तर मज्जेला रोज ऐंशी हजार कोटींवर पेशी घडवाव्या लागतात. सेकंदाला शहाण्णव लाख. निरोगी माणसाच्या चौपट काम, तेही निम्मेच रक्त हाती ठेवून. रोजचा डीएनए एकशे साठ कोटी किलोमीटरांच्या वर. झोपेतही, परीक्षेच्या दिवशीही, लग्नाच्या दिवशीही.

म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून फॉलिक ॲसिडची छोटी पिवळी गोळी मिळते. ती बहुधा ५ मिलिग्रॅमची असते, लाल गोळीतल्या मात्रेच्या दहापट. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण खेड्यात आणि शहरातही गैरसमज पाहायला मिळतो. ही गोळी सिकलसेलचे औषध नाही. ती वाकलेली पेशी सरळ करत नाही, कळा थांबवत नाही. चौपट कामाला लागलेल्या मज्जेचा माल संपू नये एवढीच तिची जबाबदारी, आणि चांगले जेवणाऱ्या रुग्णाला तिचा नेमका किती फायदा होतो याचा पुरावाही जुना आणि तोकडा आहे. आजाराचा जोर कमी करणारे औषध हायड्रॉक्सियुरिया आहे. ते रोज, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्त तपासत घ्यायचे असते. पिवळी गोळी चालू आहे म्हणून हायड्रॉक्सियुरिया राहून जाणे हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत वाईट प्रकार वाटतो. १ जुलै २०२३ला शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तीत सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. बोटातून काढलेल्या एका थेंबाने ती तपासणी होते. लग्न ठरण्याआधी दोघांचा तो थेंब तपासला जाणे हे कुठल्याही गोळीपेक्षा मोठे काम आहे.

ती चूक या मुलखात एवढी टिकली कशी? मलेरियाने. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावचा जंगलपट्टा, तलाव, बांध्यांत महिनोन्‌महिने साचलेले पाणी. फॅल्सिपेरम जातीचा परजीवी लाल पेशीत शिरतो आणि ४८ तासांत एकाचे सोळाच्या आसपास होऊन बाहेर पडतो. आठ दिवसांत एकाचे पासष्ट हजार. सिकलसेलच्या वाहकाच्या पेशीत त्याचे हे फावत नाही, त्यामुळे तीव्र मलेरियातून वाहक मुले जास्त वाचली आणि ते एक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या पुढे आले. पण एकाचे सोळा होण्यासाठी परजीवीलाही डीएनए लागतो, म्हणजे टी लागतात, म्हणजे फोलेट लागते. माणूस फोलेट खाऊन मिळवतो, घडवू शकत नाही. परजीवी ते स्वतः घडवतो. त्याच्या या कारखान्यावरच औषधाचा घाव बसतो: मध्य भारतात अनेक वर्षे दिल्या जाणाऱ्या उपचारात आर्टेसुनेटबरोबर पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन असते. पहिले त्याचे फोलेट घडू देत नाही, दुसरे वापरलेले फोलेट परत कामाला लागू देत नाही. माणसाचे ते विकर पायरिमेथामिनला फारसे दाद देत नाही, म्हणून आपण वाचतो. आणि म्हणूनच ५ मिलिग्रॅमची पिवळी गोळी रोज घेणाऱ्याला मलेरिया झाला, तर डॉक्टरांना ती गोळी दाखवलीच पाहिजे, कारण इतके फॉलिक ॲसिड या औषधाची धार बोथट करू शकते. एकाच रेणूभोवती सिकलसेल, मलेरिया आणि दोन्हींचे उपचार असे गुंतलेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहेत.

आता ताट. गोंदियाच्या ताटात भात. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाच्या १०० ग्रॅमांत फोलेट असते नऊ-दहा मायक्रोग्रॅम. नुसत्या भातावर बाईची २२०ची गरज भागवायची तर रोज अडीच किलोच्या आसपास कच्चा तांदूळ शिजवून खावा लागेल. गरोदर बाईला सहा किलोच्या आसपास. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमांमागे शंभराच्या वर, पालकात दीडशेच्या आसपास, हरभऱ्यात त्याहून जास्त. धान कापल्यावर ओलीवर पेरलेली लाखोळी, तिचे आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे, पावसाच्या तोंडाशी बांधाबांधांवर उगवणारा तरोटा: पूर्व विदर्भाची ही भाजी फुकट मिळते आणि हिरव्या पाल्यात फोलेट असतेच. मात्र ते पाण्यात विरघळते. पालक उकळून पाणी ओतून दिले की निम्मे फोलेट मोरीत जाते. वाफवला तर फारसे जात नाही. भाजी उकडलेले पाणी डाळीत घालणाऱ्या सासवांनी कधी रसायनशास्त्र शिकले नव्हते, पण त्या बरोबर होत्या.

सरकारने तांदळातच फोलेट घालायचे ठरवले. एप्रिल २०२२मध्ये केंद्राने मंजुरी दिली आणि टप्प्याटप्प्याने मार्च २०२४पर्यंत रेशनच्या दुकानापर्यंत, शाळेच्या खिचडीपर्यंत असा तांदूळ पोचवायचा बेत झाला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ कालवून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचा दाणा पाडतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. हातात घेऊन पाहिला तर तो दाणा किंचित वेगळा दिसतो: थोडा मळकट, थोडा गुळगुळीत. तांदूळ धुताना पाण्यावर तरंगतो. प्लास्टिकचा तांदूळ आला अशी ओरड अनेक ठिकाणी झाली ती याच दाण्यांमुळे, आणि सुपात निवडताना ज्या बायका ते वेचून फेकतात त्या नेमका कामाचा दाणा फेकतात. एक किलो तांदळात ढोबळमानाने पन्नास हजार दाणे. त्यातले पाचशे हे.

पण मात्रा मोजा. नियमाप्रमाणे एका किलोत ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. सगळे तांदूळच मिळाले असे धरले, तरी महिन्याभराच्या तांदळात ३७५ ते ६२५ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक लाल गोळी. पाच किलो तांदूळ, महिनाभर, एक गोळी. तांदूळ वाईट नाही. त्यात मुळात होते तितकेच आणखी त्याला मिळाले. पण पोषणयुक्त तांदूळ आला, आता गोळी नको, असे कोणी म्हणत असेल तर त्याने हा गुणाकार करून पाहावा. सिकलसेलच्या घरांसाठी आणखी एक पेच होता. २०१८च्या नियमांप्रमाणे लोह मिसळलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेलच्या रुग्णांनी ते खाऊ नये असा इशारा छापावा लागे. रेशनचा तांदूळ मात्र सगळ्यांना एकच. पुढे तज्ज्ञांनी पाहणी केली, एवढ्या लोहाने अपाय होतो असा पुरावा सापडला नाही, आणि २०२४मध्ये तो इशारा काढला गेला.

फोलेटचा विचार करताना बी-१२ला विसरून चालत नाही. फोलेटचे एक रूप बी-१२च्या मदतीशिवाय सुटतच नाही. बी-१२ नसले की फोलेट भरपूर असूनही तिथे अडकून बसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. त्यात साठ टक्क्यांवर बायकांत बी-१२ कमी निघाले आणि फोलेट कमी असलेली बाई निघाली एकच. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. पुण्याकडची भाकरी-आमटी आणि गोंदियाचा भात एक नव्हे, त्यामुळे तिथला फोलेटचा आकडा इथे लावता येत नाही. पण दूध, अंडी, मासळी ज्यांच्या ताटात नाही त्यांच्या बाबतीत बी-१२ तपासल्याशिवाय नुसते फॉलिक ॲसिड वाढवत नेऊ नये, हे इथेही लागू आहे.

शेवटचा हिशेब दिवसांचा. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात बाळ जेमतेम चार मिलिमीटरचे असते, तांदळाच्या दाण्याहून आखूड. त्याच्या पाठीवर एक पन्हळ असते. तिच्या दोन्ही कडा जुळून नळी बनते आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती बंद होते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. ती खाली उघडी राहिली तर दुभंगलेला कणा, वर राहिली तर मेंदू तयारच होत नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतल्या ३३ केंद्रांत, आधी असे बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले. १९९१ला निकाल आला: फॉलिक ॲसिड मिळालेल्या गटांत असे सहा गर्भ, न मिळालेल्यांत एकवीस. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता.

आता आपल्याकडची वेळ पाहा. शेवटच्या पाळीपासून मोजले तर ही नळी सहाव्या आठवड्यात बंद होते. गरोदरपणाची नोंदणी बाराव्या आठवड्यापर्यंत व्हावी अशी अपेक्षा आहे, आणि लाल गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास आहे. तो लावला तर गोंदियात वर्षाला वीस हजार बाळंतपणे, छत्तीस लाख गोळ्या, आणि त्यातले सगळे फॉलिक ॲसिड एकत्र केले तर १,८०० ग्रॅम. आईच्या रक्तासाठी ते लागतेच. बाळाच्या कण्यासाठी ते सहा-सात आठवडे उशिरा येते.

ॲनिमियामुक्त भारत या सरकारी मोहिमेच्या सूचनांत गर्भ राहण्याआधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे असे लिहिलेले आहे. कागदावर ते आहे. पण ज्या बाईची अजून नोंदच झाली नाही तिच्या हाती ही गोळी द्यायची कोणी? गरोदर नसलेल्या बायकांना आणि किशोरवयीन मुलींना आपण आठवड्याला एक गोळी देतो, तीत ५०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्याच्या गोळीची शिफारस २,८०० मायक्रोग्रॅमची आहे. आपली मात्रा तिच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. जिल्ह्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या धरल्या, तर त्या तीन लाख तीस हजार होतात. त्यांना प्रत्येक आठवड्याला २,८०० मायक्रोग्रॅमची गोळी द्यायची, तर वर्षाला लागणारे फॉलिक ॲसिड ४८ किलो. गोळी तीच, वाटणारी आशाताई तीच, शाळेतला वारही तोच. बदलायचा आहे तो गोळीच्या पट्टीवर छापलेला एक आकडा, आणि तो गोंदियात बदलता येत नाही. तो दिल्लीत ठरतो.